आई आहे तोवरची बॅटरी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि माझ्या मूत्रपिंडांचा भार वाहणारे आदरणीय डॉक्टर लक्ष्मणराव, पुण्याहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, मंडळाच्या उपाध्यक्षा शोभाताई, मधल्या खुर्चीवर हार घालून बसलेले आजचे उत्सवमूर्ती, म्हणजे आपले मावळते अध्यक्ष आणि माझे चिरंजीव विक्रम, त्यांच्या शेजारी माझी सूनबाई योगिनी, आणि समोर बसलेल्या हैदराबादेतल्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो, सर्वांना सत्यवतीचा नमस्कार.

पत्रिकेत छापलंय, 'मातोश्रींचे आशीर्वादपर दोन शब्द'. शोभाताई मघाशी कानात म्हणाल्या, "काकू, पाच मिनिटं हं, पुढे जेवणं आहेत." शोभाताई, मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. घंटा झाल्यावरही मी वर्ग सोडत नसे, हे इथले निम्मे लोक सांगतील. माइक जरा खाली घ्या बाबा. अजून. हौ, एवढा बस्स. आणि बसून बोलते आहे, त्याबद्दल राग मानू नका. सकाळीच डायलिसिस झालंय, पायांत त्राण नाही. आवाजाला काही झालेलं नाही.

तर विक्रमबद्दल बोलायचं. आतापर्यंत जे जे वक्ते बोलले त्यांनी त्याच्या नियोजनाचं कौतुक केलं. मी ऐकत होते आणि मान डोलवत होते. खरंच आहे ते. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला याच्या काळात कधी एक पोळी कमी पडली नाही आणि एक पोळी उरली नाही. पंगत बसायच्या आधी हा दारात उभा राहून आत शिरणाऱ्यांची पोटं बघून घ्यायचा आणि आचाऱ्याला खूण करायचा. तुम्ही हसता. पण असा अंदाज बांधणारा माणूस मिळायला भाग्य लागतं. आपल्या मंडळाला ते लाभलं. मलाही लाभलं.

हा गुण लहानपणापासूनचाच. शाळेची सहल गोवळकोंड्याला गेली होती, मी बरोबर होते. सगळी पोरं चढतानाच पाणी पिऊन बसली आणि उतरताना रडायला लागली. विक्रम मात्र घोट-घोट पीत आला आणि शेवटचा घोट त्याने खाली फाटकाशी घेतला. त्याच्या वर्गातली एक मुलगी मधेच चक्कर येऊन बसली होती. तिने पाणी मागितलं तर हा म्हणाला, "मला फाटकापर्यंत पुरायला पाहिजे." मी तेव्हा शिक्षिका म्हणून त्याला रागावले आणि आई म्हणून मनातल्या मनात खूश झाले. पोरगं व्यवहारी निघालं म्हटलं. कशाला खोटं बोलू?

आता आपण म्हणाल, बाई आशीर्वाद द्यायला आल्या आहेत की गाऱ्हाणं सांगायला? आशीर्वादच देते आहे. फक्त कुणाला काय दिलं ते कळावं म्हणून जरा मागून सुरुवात करते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी विक्रमची ती करडी हायब्रिड गाडी पाहिली आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हायब्रिड म्हणजे पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही. ती बॅटरी बॉनेटमध्ये नसते, मागच्या सीटखाली असते. चांगली लांबरुंद पेटी असते. कंपनीने विक्रमला नवी गाडी दिली, तेव्हा ही जुनी हायब्रिड त्याने माझ्या डायलिसिससाठी ठेवली. चिक्कडपल्लीहून कोठीच्या सेंटरला जायचं नि यायचं. युवराज नावाचा ड्रायव्हर ठेवला. मागच्या सीटवर मी बसायची, बरोबर त्या पेटीवर. गाडीला आवाज नाही, धक्का नाही, डायलिसिसनंतर मळमळतं तेव्हा फार बरं वाटायचं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझ्या लेकाने माझ्यासाठी गाडी ठेवली आहे. शोभाताई, तुम्हाला तर तीनदा सांगितलं असेल. तुम्ही प्रत्येक वेळी 'हो का!' म्हणालात, हा तुमचा चांगुलपणा.

मग एक दिवस त्या पेटीने मान टाकली. समोर लाल दिवा लागला. विक्रम स्वतः आला आणि सेंटरवरूनच मला घेऊन दिलसुखनगरला बॅटरीवाल्या उस्तादांकडे गेला. वेगळी खेप करायला लागू नये म्हणून. नियोजन. मी मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून काच खाली केलेली. विक्रम आणि उस्ताद काचेपासून हातभर अंतरावर उभे.

उस्तादांनी सांगितलं, दोन रस्ते आहेत. नवी कंपनीची बॅटरी घाला, आठ वर्षं बघायला नको. नाहीतर रिकंडिशन घाला. रिकंडिशन म्हणजे काय, तर आपल्याच पेटीतले मेलेले सेल काढायचे आणि दुसऱ्या मोडीत निघालेल्या गाड्यांतले बरे सेल शोधून त्या जागी बसवायचे. माणसांतही असं करतात म्हणे, एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवतात. आमच्या घरी तो विषय एकदा चहाबरोबर निघाला आणि चहाबरोबरच संपला.

तर उस्तादांनी साधा प्रश्न विचारला. त्यांचा धंद्याचा प्रश्न, कुणालाही विचारतात तो. "साब, गाडी कित्ते साल रखना है?"

विक्रम म्हणाला, "अम्मा हैं तब तक."

उस्ताद म्हणाले, "तो कित्ते साल पकडूं?"

आता सांगा मंडळी, दुसरा एखादा मुलगा असता तर काय म्हणाला असता? "अरे, मला काय माहीत" म्हणाला असता. गडबडला असता. एखादा चक्क खोटं बोलला असता, "सौ साल पकडो." पण आपले मावळते अध्यक्ष अंदाजावर काही सोडत नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला आणि जाणकाराला विचारलं. डॉक्टर लक्ष्मणराव, आपण पाणी प्या. समोर ग्लास आहे.

फोन स्पीकरवर होता. विक्रम म्हणाला, "डॉक्टर, आईचं साधारण किती धरायचं? गाडीच्या बॅटरीचं ठरवतोय." आपण दवाखान्यात गर्दीत असाल, मागून कुणाचं तरी मूल रडताना ऐकू येत होतं. आपण म्हणालात, "दोन धरून चला." इतक्या पटकन म्हणालात की मला वाटलं, हे आधीच ठरलेलं असावं.

मग उस्ताद म्हणाले, "फिर रिकंडिशन काफी है साब. दो साल का गॅरंटी देतूं." आणि विक्रम म्हणाला, "डाल दो."

हिशेब अगदी चोख होता, मी नाही म्हणत नाही. त्याच्या जागी मी असते तर कदाचित हेच ठरवलं असतं. पण आधी काच वर केली असती.

योगिनीबद्दल एक शब्द बोललंच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. घरी आल्यावर तिने त्याला सांगितलं, "नवीनच घालायची होतीस रे, बरं दिसत नाही." मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. मी वाट पाहिली, पुढे अजून काही म्हणते का. नाही म्हणाली. दिसण्यापुरतीच तिची हरकत होती. रडू नकोस गं योगिनी. रडलीस की तुझं नाक लाल होतं आणि अजून फोटो व्हायचे आहेत.

बॅटरी बसली. गाडी घरी आली. आता आपल्यात रीत आहे, गाडीचं काही मोठं काम झालं की हळदीकुंकू वाहायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ फोडायचा. विक्रम खाली उभा राहून हाक मारतो आहे, "आई, आरतीचं ताट घेऊन ये गं, तुझ्याच हातानं करायचं." तुझ्याच हातानं! तर मी गेले. माझ्यापुरती मोजून घेतलेली ती वस्तू, तिला मी कुंकू लावलं आणि ओवाळलं. नारळ एका फटक्यात फुटला, खोबरं छान गोड निघालं, वॉचमनलासुद्धा दिलं.

त्या रात्री मला वाईट वाटलं. शिक्षिकेला शोभणारे शब्द शोधत बसत नाही, फार वाईट वाटलं. मरणाचं नाही वाटलं. ते सेंटरमध्ये शेजारच्या खाटेवर नेहमीच दिसतं, बाई येते, बाई येत नाही. मला वाटलं ते याचं की माझ्या मुलाचा आवाज 'दोन' ऐकल्यावर जराही हलला नाही. सुटकेचाच सूर होता त्यात. काम सोपं झालं याची सुटका.

दुसऱ्या खेपेपासून मी त्या गाडीत पाय ठेवला नाही. ऑटोने जायला लागले. विक्रम खवळला. "आई, लोक काय म्हणतील? दारात गाडी उभी आहे आणि तू ऑटोत हाल करून घेतेस." मी म्हटलं, मला ऑटोतलं वारं मानवतं. त्याला ते पटलं. त्याने कधी दुसऱ्यांदा कारण विचारलं नाही. त्याने मला काही विचारलं असतं तर मी सांगणार होते. मी सांगायला फार उत्सुक होते. पण म्हातारी हट्टी झाली आहे, असा निष्कर्ष एकदा निघाला की माणसं निवांत होतात.

डायलिसिसनंतर कोठीच्या चौकातून ऑटोत येणं म्हणजे काय, ते मी आपल्याला जेवणाआधी सांगत नाही. एकदा सुलतान बाजारच्या वळणावर मी ऑटोवाल्याच्या पाठीवरच ओकले. तो म्हणाला, "कुछ नै अम्मा, होता." आणि पुढे घरापर्यंत हळू चालवत आला. विक्रमला हे आज कळतंय. बघा, त्याच्याकडे बघा. मी सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलं नव्हतं.

गाडी खाली पार्किंगमध्ये उभी राहिली. युवराज दुसरीकडे कामाला लागला. विक्रमच्या मागे ऑफिस आणि आपलं मंडळ, त्याच्या लक्षातून गाडी गेली. आणि इथेच आपल्या नियोजनकारांची एक चूक झाली. या हायब्रिडच्या बॅटरीला बसून राहणं सोसत नाही. चालत राहिली तर जगते, उभी ठेवली की आतले सेल एकेक करून बसतात. त्यातून ही रिकंडिशन केलेली, उसन्या सेलांची. वर्षाच्या आत मेली. उस्ताद येऊन बघून गेले आणि म्हणाले, "साब, चलाना होना था ना." गाडी ज्या बाईसाठी होती, ती बाई बसली नाही म्हणून बॅटरी गेली. आणि बाई? बाई ऑटोत धक्के खात होती.

मंडळी, गेल्या वर्षीच्या पाडव्याला तुम्हा सगळ्यांना मी श्रीखंड वाटलं होतं. आठवतं? केशर घातलेलं. याच सभागृहात, याच व्यासपीठावरून विक्रमने जाहीर केलं होतं की माझ्या आईने नववर्षानिमित्त सर्वांचं तोंड गोड केलं आहे. नववर्ष कसलं! बॅटरी माझ्या आधी गेली म्हणून होतं ते. आपण सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लंत, डॉक्टरांनी तर दुसऱ्यांदा घेतलं. चक्का मी स्वतः बांधला होता. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी चक्का बांधला नाही.

आणि डॉक्टर, तुमचीही दोन वर्षं होऊन गेली बरं का. मी आहे. तुम्ही हल्ली सेंटरमध्ये फेरीवर येता, तेव्हा माझ्या खाटेशी जरा घाईत असता, हे माझ्या लक्षात आलंय. तसं वाटून घेऊ नका. डॉक्टर म्हणून तुम्ही उत्तम आहात, म्हणून तर तुमचा अंदाज चुकला.

आता आजच्या प्रसंगाकडे येते. विक्रमची पुण्याला मोठ्या पदावर बदली झाली. आपण शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, मानपत्र वाचलंत. मला अभिमान वाटतो, हेही खरं आहे. तिकडे योगिनीला फिरायला गाडी लागणार. म्हणून त्या हायब्रिडला गेल्या आठवड्यात बॅटरी घातली. नवी, कंपनीची, आठ वर्षांची. मी गॅलरीतून बघत होते. या वेळी विक्रमने कुणालाही फोन केला नाही. रविवारी गाडी ट्रकवर चढून पुण्याला जाते आहे. वर ताडपत्री घालणार आहेत, रस्त्यात ओरखडा उठू नये म्हणून.

तर गाडी पुण्याला चालली. योगिनीच्या तुळशीची कुंडी चालली. आणि माझी काय व्यवस्था? उत्तम व्यवस्था केली आहे. दिवसा एक नर्स, रात्री एक बाई. औषधं घरपोच. दिवाणखान्यात कॅमेरा बसवलाय, पुण्यात बसून विक्रमला मी दिसणार. हलताना दिसले की बरं आहे समजायचं. सगळं आहे. कागदावर एकही खोट काढता यायची नाही.

फक्त एक राहिलं. "आई, तू येतेस का?" हे मला कुणी विचारलेलं नाही.

सहज राहिलं असेल, आवराआवरीच्या गडबडीत. असं मी स्वतःला समजावत होते. आणि मंडळी, मला जायचं होतं. स्पष्टच सांगते, लाज कसली? त्या 'दोन धरून चला'नंतरसुद्धा मला माझ्या मुलाबरोबर जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी नर्सकडून नंबर मिळवून पुण्याच्या डायलिसिस सेंटरला स्वतः फोन केला. विक्रमच्या नव्या घराजवळचं आहे. सेंटरवाल्यांनी माझी चौकशी केली, रिपोर्ट मागवले, आणि जागा दिली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी. डॉक्टरांनीच इथून पत्र दिलं. डॉक्टर, तुम्ही मान हलवता आहात ती लोकांना दिसू द्या. पुण्यात थंडी असते म्हणून मी सुलतान बाजारात जाऊन एक स्वेटर घेतला. जांभळा. तो कपाटात आहे. रोज वाटायचं, आज विचारेल. परवा खोकी बांधताना तो स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभा राहिला, म्हणाला, "आई..." मी म्हटलं, बोल. तर म्हणाला, "चिकटपट्टी कुठे ठेवलीस?"

काय झालं? विक्रम उभा का राहिलास? बोल. मोठ्याने बोल, मागच्यांना ऐकू जात नाही. त्याला माइक द्या कुणीतरी. घे.

ऐकलंत? तो म्हणतो आहे, "आई, चल आमच्याबरोबर."

वाजवा, टाळ्या वाजवा. शोभाताईंच्या डोळ्यांत तर पाणी आलं. किती छान दृश्य आहे, फोटोवाले दादा, घेतलात ना? खाली बस विक्रम, हार सरळ कर.

माझं उत्तर 'नाही' आहे.

कुजबुज नको, शांत राहा. वर्ग सुटलेला नाही. विक्रम, तू चांगल्या मनाने विचारलंस, ते मला दिसतंय. खरंच दिसतंय. तो तुझा सहावीतला आवाज मी ओळखते. आणि तुला ऐकायचंच असेल तर ऐक, आत्ता 'हो' म्हणायला मला एवढेसेही कष्ट पडले नसते. जीभ वळलीच होती. पण तेच स्वयंपाकघरात, चिकटपट्टी शोधताना विचारलं असतंस तर मी अनवाणी आले असते. तुला विचारायला सगळं सभागृह लागलं. उद्या पुण्यात मला ताप आला, तर तू माझ्या खोलीत यायला मी कुणाला गोळा करू?

पुण्याची ती जागा मी उद्या सकाळी फोन करून सोडून देते. कुणा गरजूला मिळेल. स्वेटर योगिनी, तू घेऊन जा, तुला जांभळा शोभतो. आणि कॅमेऱ्यावर मी टॉवेल टाकणार आहे. मी आहे की नाही हे तुला कळायला हवं असेल, तर फोन करायचा आणि विचारायचं. रोज विचारायचं. एक दिवस दुसरंच कुणीतरी उचलेल, तेव्हा कळेल. अंदाज बांधू नकोस.

माझे दोन शब्द लांबले. मंडळाने मला ही संधी दिली, अध्यक्षमहाराजांनी मधे घंटी वाजवली नाही, शोभाताईंनी जेवण थांबवून धरलं, ध्वनिक्षेपकवाल्या दादांनी माइक चालू ठेवला, सर्वांची मी ऋणी आहे. विक्रमच्या पुढच्या वाटचालीला माझे आशीर्वाद आहेत, ते खरे आहेत, त्यात काटछाट नाही. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाच्या मनाला लागलं असेल, तर वयाकडे आणि आजाराकडे पाहून आपण सर्वांनी मला मोठ्या मनाने क्षमा करावी.

विक्रम, तू करू नकोस. तुला लागावं म्हणूनच बोलले.

धन्यवाद.